शून्य आणि कोरें घर

आपल्या सरकारी दप्तरांत ‘निरंक’ असा एक शब्द रूढ आहे. एखाद्या गांवीं साथीचा एकही रोगी नसला, तरी तेथून माहितीचा तक्ता वर पाठवावयाचाच असतो. मात्र रोग्यांच्या घरांत ‘निरंक’ असें लिहितात. ‘निरंक’ वाचून वरिष्ठ अधिकारी समजतो कीं, चौकशी झाली, मोजणी झाली, आणि मोजणींत कांहीं निघालें नाहीं. पण तेंच घर कोरें आलें तर त्याचा तसा समज होत नाहीं. तो स्मरणपत्र धाडतो. शब्दाच्या व्युत्पत्तीकडे पाहिलें तर ‘निरंक’ म्हणजे अंक नसलेलें. परंतु व्यवहारांत तो शब्द शून्य या अंकाचेंच काम करतो. ‘मोजलें आणि कांहीं नव्हतें’ व ‘मोजलेंच नाहीं’ या दोन गोष्टींतील अंतर आपल्या कारकुनी परंपरेनें इतक्या काळजीनें जपलें आहे. संगणकाच्या एका सुप्रसिद्ध भाषेंत हेंच अंतर कसें पुसलें जातें, आणि तें पुसलें गेल्यास नगर जिल्ह्यासारख्या अवर्षणाच्या मुलखांत काय अनर्थ होऊं शकतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ती भाषा म्हणजे जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक या अमेरिकन गृहस्थानें नेटस्केप कंपनींत असतां सन १९९५ च्या मे महिन्यांत अवघ्या दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा सिद्ध केला. आज घरबसल्या आपण आगगाडीचें तिकीट काढतों किंवा बँकेचें खातें पाहतों, तेव्हां पडद्यावरील पानामागें बहुधा हीच भाषा राबत असते. तिच्यांत एकामागून एक मांडलेल्या नोंदींची यादी करतां येते, आणि त्या यादीला ‘फिल्टर’ नांवाची चाळणी लावतां येते. ही सोय सन २००९ च्या प्रमाण आवृत्तींत समाविष्ट झाली. चाळणीची रीत सोपी आहे. यादींतील प्रत्येक नोंद एका परीक्षकापुढें उभी केली जाते. परीक्षकानें ‘होय’ म्हटलें तर ती नव्या यादींत जाते, ‘नाहीं’ म्हटलें तर गळते.

येथवर सर्व ठीक आहे. परंतु या भाषेचा परीक्षक स्वच्छ ‘होय’ किंवा ‘नाहीं’ म्हणेलच असें नाहीं. तो एखादी संख्या, एखादा शब्द, किंवा कांहींच नाहीं असेंही उत्तर देऊं शकतो. अशा वेळीं भाषा त्या उत्तराला सत्याच्या किंवा असत्याच्या पंक्तींत बसविते. सत्याच्या पंक्तींत बसणाऱ्या मूल्यांना ‘ट्रुथी’ व असत्याच्या पंक्तींत बसणाऱ्यांना ‘फॉल्सी’ म्हणतात. आपण त्यांस सत्यवत् व असत्यवत् म्हणूं. असत्यवत् मूल्यें मोजकींच आहेत. प्रत्यक्ष असत्य, शून्य, मग तें साधें असो, ऋण असो कीं मोठ्या पूर्णांकांच्या जातीचें असो, एकही अक्षर नसलेला रिकामा मजकूर, ‘नल’, म्हणजे जाणूनबुजून रिकामें ठेवलेलें, ‘अनडिफाइन्ड’, म्हणजे ज्यांत कांहीं घातलेंच नाहीं असें, आणि ‘नॅन’, म्हणजे संख्या करूं गेलें असतां संख्या न झालेलें. ब्राउझरांतील एक जुनाट अपवाद वगळला तर बाकी सर्व कांहीं सत्यवत्. रिकामी यादी सत्यवत्, ‘असत्य’ असा लिहिलेला शब्दही सत्यवत्!

आतां या पंक्तीकडे नीट पाहा. ‘नल’ व ‘अनडिफाइन्ड’ हीं कोरीं घरें आहेत. शून्य हा निरंक आहे. भाषेनें दोघांस एकाच पंगतीला बसविलें. पुष्कळ कार्यक्रमलेखक यादींतील कोरीं घरें काढून टाकण्यासाठीं एक आटोपशीर युक्ति वापरतात : यादीपुढें ‘फिल्टर’ लिहून कंसांत ‘बूलियन’ हा एकच शब्द ठेवतात. त्याचा अर्थ इतकाच कीं, सत्यवत् तें ठेवा, असत्यवत् तें टाका. नांवांच्या यादीला ही युक्ति शोभते, कारण रिकामें नांव हें नांवच नव्हे. पण संख्यांच्या यादीला ती लावली तर कोऱ्या घरांबरोबर सारीं शून्येंही गळून पडतात.

सन २०२४ मध्यें ज्याचें नांव अहिल्यानगर झालें, त्या आपल्या नगर जिल्ह्यांत या शून्याची किंमत काय आहे तें पाहूं. जिल्ह्याच्या पश्चिम टोंकाला अकोले तालुक्यांत कळसूबाईचें शिखर आहे. घाटघर-रतनवाडीकडे वर्षास कांहीं हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि तोच भंडारदऱ्याचें धरण भरतो. सह्याद्रि ओलांडून पूर्वेस उतरलें कीं पर्जन्यछाया सुरू होते. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी या भागांत वर्षाचा पाऊस पांचशें मिलिमीटरांच्या आसपास घोटाळतो, आणि तोही थोड्या दिवसांत पडून जातो. भारतीय हवामान खातें पर्जन्यमापकांतील पाणी सकाळीं साडेआठ वाजतां मोजतें, आणि अडीच मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तरच तो दिवस पावसाचा धरतें. तेव्हां या तालुक्यांच्या पर्जन्यवहींत पावसाळ्यांतही शून्यांचीच दाटी असणार. ती शून्यें म्हणजे मोजणाऱ्याचा आळस नव्हे. दुष्काळाचा तो पुरावा आहे.

समजा, अशा एका केंद्राची सात दिवसांची नोंद आहे : पहिल्या दिवशीं १२ मिलिमीटर, दुसऱ्या व तिसऱ्या दिवशीं शून्य, चौथ्या दिवशीं यंत्र बिघडल्यामुळें नोंदच नाहीं, पांचव्या दिवशीं ५, सहाव्या दिवशीं शून्य, सातव्या दिवशीं ७. नोंद झालेले दिवस सहा, एकूण पाऊस २४, म्हणून रोजची सरासरी ४ मिलिमीटर. आतां ‘बूलियन’ची चाळणी लावा. कोरा चौथा दिवस गेला तें योग्यच. पण तीन शून्येंही गेलीं. उरले १२, ५ आणि ७. सरासरी निघाली ८ मिलिमीटर, खऱ्याच्या बरोबर दुप्पट!

यांतील खरी मेख पुढें आहे. एकूण बेरीज दोन्ही वेळां २४ च येते, कारण शून्य मिळविलें काय किंवा वगळलें काय, बेरजेस त्याचें सोयरसुतक नसतें. म्हणून जो केवळ बेरीज ताडून पाहतो त्याला हा दोष कधींच सांपडत नाहीं. तो सरासरींत दिसतो, आणि त्याहून अधिक पावसाच्या खंडांत. खंड मोजावयाचा तो कोरड्या दिवसांनीं. शून्यें गाळलीं कीं पहिल्या तारखेची सर आणि विसाव्या तारखेची सर यादींत एकमेकींच्या शेजारीं येऊन बसतात, आणि मधले अठरा दिवस जणूं उगवलेच नव्हते असें होतें. त्या अठरा दिवसांत ज्याची बाजरी करपली त्याच्या दृष्टीनें पाहा. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्याच्या योजनेंत तर भरपाई हवामान केंद्रांच्या नोंदींवरच ठरते. जेथें नोंद हीच साक्ष, तेथें शून्य खोडणें म्हणजे साक्षीदाराला दाराबाहेर काढणें होय.

याच्या उलट दिशेनेंही फसगत होते. केंद्रांवरून माहिती येते ती पुष्कळदां मजकुराच्या रूपानें येते. म्हणजे तेथें शून्य हा अंक नसून ‘०’ असें एक अक्षर असतें. अक्षर आहे म्हटल्यावर तें सत्यवत् ठरतें आणि चाळणींतून सुखरूप पार पडतें. रिकामा मजकूर मात्र गळतो. म्हणजे मजकुराच्या अवस्थेंत तीच चाळणी बिनचूक चालते! पुढें कोणी विचार करतो कीं, आधीं सर्वांच्या संख्या करूं आणि मग चाळूं. येथें घोटाळा दुहेरी होतो. शून्याचें अक्षर संख्या झालें कीं असत्यवत् बनून गळतें. आणि रिकाम्या मजकुराची संख्या करूं गेलें तर ही भाषा तक्रार न करतां शून्य हातावर ठेवते. ‘नल’चेंही ती शून्यच करते. ‘अनडिफाइन्ड’चें मात्र ‘नॅन’ होतें. म्हणजे चाळणी लावली तर खरीं शून्यें जातात, आणि ती न लावतां नुसतें रूपांतर केलें तर बिघडलेल्या यंत्राचा दिवस कोरडा दिवस म्हणून वहींत चढतो. कोऱ्या घरांत नकळत एखादी मोकळी जागा टंकित झाली असेल, तर तें घर मजकूर म्हणून सत्यवत् ठरतें आणि संख्या होतांच शून्य होतें. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे : आधीं कडेच्या मोकळ्या जागा छाटाव्या, मग कोरीं घरें वेगळीं काढावीं, आणि त्यानंतरच उरलेल्यांच्या संख्या कराव्या.

दुसरें एक उदाहरण यादींतील शोधाचें घ्या. या भाषेंत यादींतील स्थानांची गणना शून्यापासून होते, आणि शोधलेली वस्तु न सांपडल्यास उत्तर येतें उणें एक. जिल्ह्याच्या चौदा तालुक्यांची वर्णानुक्रमें यादी केली तर अकोले पहिलें; त्याचें स्थान शून्य. आतां कोणी ‘स्थान सत्यवत् असेल तर तालुका जिल्ह्यांतला’ अशी कसोटी लावली, तर अकोल्याचें शून्य असत्यवत् ठरून अकोले जिल्ह्याबाहेर जातें. आणि यादींत मुळींच नसलेल्या मालेगांवाचें उणें एक सत्यवत् ठरून तें आंत येतें! जिल्ह्यांतील सर्वांत पाऊसवाला तालुका वगळून शेजारच्या जिल्ह्यांतील तालुका आंत घेणारी ही कसोटी चालेल कशी?

असें कां झालें? शून्य म्हणजे असत्य हा संकेत डेनिस रिची यांच्या ‘सी’ भाषेंतही होता, आणि जावास्क्रिप्टनें आपलें पुष्कळसें रूप त्या घराण्याकडून उचललें. त्याहून मागें गेलें तर शून्याच्या दोन परंपरा दिसतात. ब्रह्मगुप्तानें सन ६२८ मध्यें ब्राह्मस्फुटसिद्धांतांत शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम सांगितले. समान धन व ऋण मिळून शून्य होतें, म्हणजे शून्य ही इतर संख्यांच्या मांडीला मांडी लावून बसणारी संख्या झाली. इंग्लंडांतील जॉर्ज बूल यानें सन १८५४ च्या आपल्या ग्रंथांत विचाराचें बीजगणित मांडलें. त्यांत शून्य म्हणजे ज्यांत कोणीच नाहीं तो वर्ग, आणि एक म्हणजे सर्व विश्व. पुढें त्याच चिन्हांना असत्य व सत्य हे अर्थ चिकटले. पर्जन्यवहींतील शून्य ब्रह्मगुप्ताचें. ‘बूलियन’च्या चाळणींतील शून्य बूलचें. दोघांचें चिन्ह एक, पण कार्य एक नव्हे. आणि हा संकेत अपरिहार्यही नव्हता. त्याच १९९५ सालीं जपानांतील युकिहिरो मात्सुमोतो यांनीं ‘रूबी’ ही भाषा प्रसिद्ध केली. तींत केवळ असत्य आणि ‘निल’ एवढींच दोन असत्यवत् आहेत, व शून्य सत्यवत् आहे.

उपाय अवघड नाहीं. परीक्षकाला ढोबळ प्रश्न न विचारतां नेमका प्रश्न विचारावा. ‘येथें कांहीं आहे काय?’ असें न म्हणतां ‘ही मर्यादित संख्या आहे काय?’ असें विचारावें. त्यासाठीं भाषेंत ‘नंबर डॉट इजफाइनाइट’ हें साधन आहे. तें शून्याला आदरानें आंत घेतें, आणि ‘नल’, ‘अनडिफाइन्ड’ व ‘नॅन’ यांस दारांतच अडवितें. तसेंच, मूल्य नसल्यास दुसरें घालावयाचें असेल तर पूर्वीं दोन उभ्या रेघांचें ‘किंवा’ चिन्ह वापरीत. तें शून्यालाही ‘नोंद नाहीं’ करून टाकी. सन २०२० च्या आवृत्तींत दोन प्रश्नचिन्हांचें नवें चिन्ह आलें, तें फक्त ‘नल’ व ‘अनडिफाइन्ड’ यांनाच रिक्त समजतें. पंचवीस वर्षांनीं कां होईना, भाषेनें निरंक आणि कोरें यांतील भेद करण्याची सोय दिली. आणखी एक सावधगिरी : महिरपी कंसांत परीक्षक लिहून त्यानें उत्तर परत करावयाचें राहिलें, तर मौनाचा अर्थ ‘नाहीं’ असा धरला जातो, आणि सगळी यादीच रिकामी होते.

नगर तालुक्यांतील हिवरे बाजार या गांवाची कीर्ति आपण ऐकली असेल. तेथील कार्याबद्दल श्री. पोपटराव पवार यांस सन २०२० मध्यें पद्मश्री मिळाली. हें गांव पाऊस मोजतें, उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडतें, आणि त्यावरून कोणतें पीक घ्यावयाचें तें ठरवितें. अशा ताळेबंदाचा पाया म्हणजे रोजची प्रामाणिक नोंद, आणि या मुलखांत तिचा मोठा भाग शून्यांचाच राहणार. ती नोंद आतां वहींतून यंत्रांत चालली आहे, हें इष्टच आहे. आपल्या घरांतील जीं तरुण मंडळी असे कार्यक्रम लिहितात, त्यांना आपण एवढेंच विचारावें : तुमच्या चाळणींतून शून्य पार पडतें काय? एक कोरें घर आणि एक शून्य मुद्दाम यादींत घालून चाळणी चालवून पाहा. कोरें गळलें आणि शून्य राहिलें, तरच ती चाळणी दुष्काळी तालुक्याच्या पर्जन्यवहीला लावावी.