यांत्रिक सारथ्याचें शिक्षण

धाराशिव जिल्ह्यांतील सास्तूर हें गांव महाराष्ट्राला दुर्दैवानें परिचित झालें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे झालेल्या भूकंपांत जुनें गांव कोसळलें आणि पुढें नव्या जागीं नवी वस्ती उभी राहिली. श्रोत्यांनीं क्षणभर अशी कल्पना करावी कीं, अशा एखाद्या जुन्या गांवीं दोन गाडीवान होते. एकानें गल्लीबोळांतील प्रत्येक वळण तोंडपाठ केलें होतें. दुसऱ्यानें बैलांचा वेग, चाकाखालची माती आणि पुढचें वळण यांचा मेळ कसा घालावा, हें अंगवळणीं पाडून घेतलें होतें. नव्या वस्तींत गाडी हांकण्याची वेळ आली, तेव्हां पहिल्याची विद्या जुन्या गांवाबरोबरच संपली. दुसऱ्याची मात्र कामास आली. पाठांतर आणि शिक्षण यांतील हा भेद आजच्या विषयाचा पाया आहे.

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या मोटारींच्या शर्यती आतां घरोघरीं मुलांच्या परिचयाच्या आहेत. एक मोटार खेळणारा हांकतो. बाकीच्या संगणक हांकतो. हे यांत्रिक प्रतिस्पर्धी बहुधा पहिल्या गाडीवानासारखे असत. रस्त्यावर आंखून दिलेल्या अदृश्य रेषेवरून ते रुळावरील आगगाडीप्रमाणें धांवत. खेळणारा मागें पडला, कीं कांहीं खेळांत ते मुद्दाम मंदावत; तो पुढें गेला, कीं त्यांच्या अंगीं अचानक बळ येई. ही लबाडी मुलाच्या लवकरच ध्यानांत येते. मग जिंकण्यांत गोडी उरत नाहीं आणि हरण्यांत धडा उरत नाहीं.

यावर एक उपाय म्हणजे मज्जापेशींचें कृत्रिम जाळें. मज्जापेशीचें गणिती प्रतिरूप वॉरन मॅक्कलक आणि वॉल्टर पिट्स यांनीं १९४३ सालीं मांडलें. या जाळ्यांत एका बाजूनें आंकडे शिरतात: मोटारीचा वेग, वळणाचा बांक, रस्त्याच्या मध्यापासूनचें अंतर. प्रत्येक आंकड्याला कमीअधिक वजन देऊन बेरजा होतात आणि दुसऱ्या बाजूनें आज्ञा बाहेर पडते: चक्र किती फिरवावें, गति द्यावी कीं आंवरावी. आज्ञा चुकली, तर चूक उलट्या दिशेनें मागें नेऊन तीं वजनें थोडथोडीं बदलतात. रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या १९८६ सालच्या निबंधानें ही रीत सर्वत्र रूढ झाली.

केवळ चांगलें उदाहरण पाहूनही शिक्षण पुरें होत नाहीं, हें लवकरच दिसून आलें. अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत डीन पोमरलो यांनीं १९८९ च्या सुमारास माणसाचें सारथ्य पाहून शिकणारें एक जाळें रचलें. पण कुशल माणूस रस्त्याच्या कडेला जातच नाहीं. मग कडेला गेलेली गाडी परत कशी आणावी, हें जाळ्यानें कोठें पाहावें? म्हणून रस्त्याचीं चित्रें मुद्दाम सरकवून त्याला तेंही दाखवावें लागलें. चूक सांवरण्याचें शिक्षण वेगळें द्यावें लागतें, हें पालकांना सांगावयास नकोच. पुढें २००० सालीं निघालेल्या ‘कॉलिन मॅक्रे रॅली २.०’ या खेळांत प्रतिस्पर्धी मोटारी हांकण्याचें काम अशाच जाळ्यांकडे सोंपविलें गेलें.

याहून पुढची पायरी ‘सोफी’ नांवाच्या यंत्रानें गांठली. ‘ग्रान तुरिस्मो’ या खेळासाठीं सोनी कंपनीच्या संशोधकांनीं तें घडविलें. त्याला नमुना दाखविला नाहीं. स्वतःच हजारों वेळां धांवून, चांगल्या कृतीला गुण आणि वाईट कृतीला दंड, एवढ्यावरच तें शिकलें. एकट्यानें धांवण्यांतला वेग त्याला साधला. अवघड होती ती मर्यादा. धक्का देण्याचा दंड हलका ठेवला, तर यंत्र धसमुसळें होई. फार कडक केला, तर तें भित्रें होऊन वाट सोडी. शिवाय, खऱ्या शर्यतींत धडकेचा दोष कोणाचा, हें पंच तारतम्यानें ठरवितात. तें तारतम्य आंकड्यांत बसविणें कठीण. जुलै २०२१ मध्यें चार निष्णात मानवी खेळाडूंनीं सोफीच्या संघाला ८६ विरुद्ध ७० गुणांनीं हरविलें. संशोधकांनीं शिक्षणांत सुधारणा केल्या आणि ऑक्टोबरमध्यें सोफीनें १०४ विरुद्ध ५२ असा विजय मिळविला. हा वृत्तांत फेब्रुवारी २०२२ मध्यें ‘नेचर’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

या विजयाहून त्यामागची अडचण अधिक बोधप्रद आहे. जाळ्याला सौजन्य म्हणजे काय, हें ठाऊक नसतें. त्याला फक्त गुण आणि दंड ठाऊक असतो. खेळांत गुणांचा हिशेब चुकला, तर एक शर्यत बिघडते. खऱ्या रस्त्यावर गाडी हांकणारें यंत्रही अशाच रीतीनें शिकवूं लागलें, कीं त्याच चुकीची किंमत माणसाच्या प्राणांनीं मोजावी लागेल. तेव्हां यंत्र किती वेगानें धांवतें, हें विचारण्यापूर्वीं, त्याला गुण कशाबद्दल दिले आणि ते कोणीं ठरविले, हें विचारण्याची संवय प्रत्येक सुज्ञ घरानें लावून घ्यावी.