कागदाचें बोइंग

कागदाचें विमान म्हटलें, कीं वहीचें पान फाडून त्याला चार घड्या घालणारा आणि मास्तरांची पाठ वळतांच तें भिरकावणारा विद्यार्थी डोळ्यांपुढें येतो. परंतु श्रोतेहो, सॅन फ्रान्सिस्को येथील लूका आयाकोनी-स्टुअर्ट ह्या मुलानें २००८ सालीं जें विमान करावयास घेतलें, तें त्या जातीचें नव्हे. शाळेंत वास्तुशास्त्राच्या वर्गांत कचेरींतील फायलींच्या जाड, पिवळसर कागदांतून इमारतींच्या प्रतिकृती करण्याचा परिपाठ होता. त्याच कागदांतून बोइंग ७७७ उभारावें, असें त्याच्या मनानें घेतलें. आसनांचा तपशीलवार नकाशा त्याला मिळाला तो एअर इंडियाच्या विमानाचा. म्हणून अमेरिकेंतील एका टेबलावर आपल्या देशाचें विमान आकार घेऊं लागलें!

प्रमाण एकास साठ. मूळ विमान सुमारें ७४ मीटर लांब. तेव्हां प्रतिकृति सव्वा मीटरच्या आंतबाहेर. भागांचे आराखडे संगणकावर काढून तो ते त्या कागदावरच छापी आणि धारदार पात्यानें कापून, चिमट्यानें धरून चिकटवी.

येथें भूमिति आडवी येते. दंडगोल किंवा शंकु उलगडला, तर सपाट पडतो. म्हणून विमानाचें लांबट धड कागद वळवून साधतें. नाक मात्र दोन्ही दिशांनीं वाकलेलें. चेंडूवर कागद बसवून पाहावा. सुरकुत्या पडल्यावांचून राहत नाहींत. अशा जागीं अरुंद पट्ट्या कापून, संत्र्याच्या फोडी एकमेकींस लागून असतात तशा, कडेला कड भिडवाव्या लागतात. पट्टी जितकी अरुंद, तितका आकार खरा आणि काम तितकेंच जिकिरीचें. कागदाची जाडीहि नडते. पाव मिलिमीटर जाडीचा कागद साठपट धरला, तर १५ मिलिमीटर भरतो. खऱ्या विमानाचा पत्रा त्याहून पुष्कळच पातळ असतो. भूमितीचा कंटाळा करणाऱ्या मुलांपुढें हें उदाहरण अवश्य ठेवावें.

ह्या विमानाचीं दारें उघडतात, चाकें पोटांत मिटतात. साध्या वर्गाच्या एका आसनास सुमारें वीस मिनिटें लागत; पहिल्या वर्गाच्या एकास आठ तास. मनासारखा न उतरलेला भाग तो टाकून देई व पुन्हा करी. ह्या कामापायीं त्यानें कॉलेजचें शिक्षणहि मध्येंच थांबविलें. हें ऐकून पुष्कळ वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतील, आणि त्या अगदींच अकारण नव्हेत. पदवी हातची सोडून कागद कापीत बसणें, हा सौदा कोणत्याहि घरांत सुखानें मान्य होणार नाहीं. मात्र ज्या तरुणाला परीक्षक नाहीं, मुदत नाहीं, गुण नाहींत, तो आपलेंच काम नापास करून पुन्हा हातीं घेतो, त्याला आळशी कसें म्हणावें? वर्गांत अशीं मुलें थोडीं असतात आणि बहुधा मागच्या बाकावर असतात. २०१४ सालीं ह्या विमानाचीं छायाचित्रें जगभर पोंचलीं, तेव्हां त्याच्या कामाला सहा वर्षें होत आलीं होतीं.