अहो, बबड्या आणि लिंबूटिंबू



'अहो' या शब्दाकडे सध्या जरा कान द्या. आपल्या आज्या नवऱ्याचं नाव घेत नसत. निघालंच तर उखाण्यात. एरवी हाक 'अहो'. आजची मुलगी नवऱ्याला खुशाल नावानं हाक मारते, अरेतुरे करते. पण मोबाइलवर फोटो टाकताना खाली लिहिते, 'अहोंसोबत महाबळेश्वर'. मैत्रिणीला सांगते, 'आज अहोंनी चहा केला.' नुसती हाक होती ती. हिनं तिला विभक्तीचे प्रत्यय लावून सरळ नाम करून टाकलं! आणि त्याच घरातलं मूल बापाला 'ए बाबा' म्हणतं. आईला 'अगं', बाबांना 'अहो' ही जुनी वाटणी मोडली. धाकाचा 'अहो' गेला, लाडाचा आला. मला हे मनापासून आवडतं.

'बबड्या'बद्दल मात्र तसं म्हणवत नाही. 2019 साली झी मराठीवर 'अग्गंबाई सासूबाई' ही मालिका सुरू झाली. त्यातली आसावरी आपल्या मोठ्या झालेल्या मुलाला, सोहमला, बबड्या म्हणायची. बघता बघता आईच्या जिवावर ऐटीत राहणारा कुठलाही मुलगा 'बबड्या' झाला. 'आपला तो बाब्या' या म्हणीत निदान बोट मोठ्यांच्या आपपरभावाकडे होतं. 'बबड्या' सगळा दोष मुलाच्या माथी मारतो. पाण्याचा पेलासुद्धा त्याच्या हातात नेऊन देणारे नामानिराळे राहतात. चार वर्षांच्या पोराला पाहुण्यांसमोर 'आमचा बबड्या' म्हणून हसू नये.



मुलांच्या खेळातला माझा लाडका शब्द 'लिंबूटिंबू'. लपाछपीत धाकट्या भावंडाला घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही. सापडला तरी तो आउट नाही. केवढी समजूत आहे या नियमात! वर्तमानपत्रांनी दुबळ्या क्रिकेट संघांना 'लिंबूटिंबू' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा त्यातली माया गळून गेली.

दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 या काळात निघाला. त्यानंतर मराठी घरांत किती शब्द जन्मले असतील! तुमच्या घरातलं मूल नवा शब्द बोललं तर त्याला दटावू नका. तो वहीत टिपा. कोण, कुणाला, कशावरून म्हणालं तेही लिहा. कोशकाराला नेमकं तेच हवं असतं.