वहीतलं वाक्य कोणाचं?

रात्रीच्या एसटीनं येऊन सकाळी अंघोळीच्या रांगेत उभे राहिलेल्या माझ्या शिक्षक बंधू-भगिनींनो,

या अधिवेशनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. भाषण जेवणाआधी आटपायचं आहे, असं संयोजकांनी मला दोनदा बजावलंय, तेव्हा थेट विषयावर येतो.

'सर्व विषयांतून वाचन-लेखन' हा यंदाच्या अधिवेशनाचा विषय. कार्यक्रमपत्रिका हातात पडल्यावर गणिताच्या एका सरांनी मला विचारलं, "सर, हे तर मराठीवाल्यांचं काम. आम्हांला कशाला बोलावलंत?" प्रश्न प्रामाणिक होता. आपल्यापैकी निम्म्यांच्या मनात तो असणार, म्हणून त्याचंच उत्तर देतो.

'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल 2005 पासून आपल्याला एकच गोष्ट सांगतोय. देशात पाचवीत शिकणाऱ्या जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो. टक्का थोडा खालीवर होतो, चित्र बदलत नाही. अहवाल आला की आपण आठवडाभर हळहळतो आणि मग मराठीच्या बाईंकडे बघतो. जणू मूल वाचतं ते फक्त मराठीच्या तासाला. उरलेल्या तासांना ते नुसतं ऐकतं.

आता त्या सरांसाठी दोन वाक्यं. पहिलं : 'एका संख्येची तिप्पट 21 पेक्षा 3 ने कमी आहे.' दुसरं : 'एका संख्येच्या तिपटीपेक्षा 21 ही संख्या 3 ने कमी आहे.' आकडे तेच, शब्दही जवळपास तेच. पहिल्याचं उत्तर 6, दुसऱ्याचं 8. समीकरण सोडवण्यात तरबेज असलेली मुलगी इथं अडते, कारण 'पेक्षा' कोणाला चिकटलाय हे तिनं नीट पाहिलेलं नसतं. मराठीच्या बाईंनी तिला कविता उत्तम शिकवली असेल, पण असं वाक्य सावकाश वाचायला त्या कधी शिकवणार? ते वाक्य त्यांच्या पुस्तकात येतच नाही, ते तुमच्या पुस्तकात येतं. आपण मात्र शेरा मारतो, 'शाब्दिक उदाहरणे कच्ची', आणि आणखी दहा उदाहरणं घरी देतो.

हा काही मला झालेला साक्षात्कार नव्हे. इंग्लंडमध्ये अ‍ॅलन बुलक यांच्या समितीनं 1975 च्या अहवालात हेच सांगितलं होतं, की भाषेची जबाबदारी शाळेतल्या प्रत्येक विषयाच्या शिक्षकाची आहे आणि प्रत्येक शाळेनं तसं धोरण ठरवावं. आपल्याकडे बी.एड. दोन वर्षांचं झालं तेव्हा 'लँग्वेज अ‍ॅक्रॉस द करिक्युलम' नावाचा विषयच अभ्यासक्रमात आला. नव्या शिक्षकांनी त्याचा पेपर दिलाय. पेपरात काय लिहिलं, ते आज त्यांना विचारत नाही.

2019 साली 'बालभारती'च्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं, तेव्हाचा गदारोळ तुम्हांला आठवत असेल. आपण म्हणताना एकक आधी म्हणतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. त्यात लहान मुलं गोंधळतात, शिवाय जोडाक्षरं आडवी येतात, असं 'बालभारती'च्या गणित समितीच्या मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या. विनोद झाले, विधानसभेत प्रश्न गाजला. बदल पटो न पटो, गणिताची एक समिती 'मुलाला हे ऐकू कसं येतं आणि ते लिहितं कसं' याचा विचार करत होती, याची दखल फारशी कुणी घेतली नाही. वर्गात तो विचार आपण किती वेळा करतो?

वाचनाचं एवढं पुरे. मला खरं बोलायचंय ते लेखनाबद्दल.

आपल्या शाळांत मुलं लिहितात भरपूर. विज्ञानाची वही, भूगोलाची वही, इतिहासाची वही, शिवाय गृहपाठाच्या वेगळ्या. धडा संपला की आपण फळ्यावर प्रश्नोत्तरं लिहून देतो, मुलं उतरवून घेतात, आपण तारीख टाकून सही करतो. केंद्रप्रमुख आले की वह्यांचा गठ्ठा पुढं ठेवतो, आणि 'लेखनकार्य पूर्ण' असा शेरा मिळतो. वर्गातल्या सगळ्या वह्या एका ओळीत उघडून ठेवल्या, तर अक्षर सोडून फरक सापडणार नाही. सातवीत पोहोचेपर्यंत मुलाच्या हातून शेकडो पानं भरलेली असतात आणि त्यांत त्याचं स्वतःचं वाक्य शोधावं लागतं. उतरवून घेण्याला आपण लेखन समजतो, इथंच सगळं बिघडलंय.

2023 साली शासनानं पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं घातली. दप्तराचं ओझं कमी व्हावं हा एक हेतू, आणि 'माझी नोंद' म्हणून मुलांनी तिथं आपल्या शब्दांत टिपून ठेवावं हा दुसरा. दोन वर्षांतच ती पानं गेली; अपेक्षित उपयोग झाला नाही, वह्या दप्तरात तशाच राहिल्या. निर्णय घाईचा होता, पुस्तकं जाडजूड झाली, हे सगळं मान्य. पण मी पाहिलेल्या पुस्तकांत ती पानं एक तर कोरी होती, नाहीतर त्यांवर फळ्यावरचीच प्रश्नोत्तरं होती. 'माझी' नोंद कशी करायची हे मुलाला कुणी शिकवलंच नव्हतं. कागदाचा दोष थोडा, आपला जास्त.

एक नमुना सांगतो. 'मडक्यातले पाणी थंड का होते? शास्त्रीय कारण लिहा.' सातवीतल्या एका मुलानं लिहिलं होतं : 'मडक्याला घाम येतो, तो वाळतो, म्हणून पाणी गार होतं.' बाईंनी लाल काट मारून खाली छापील उत्तर लिहायला लावलं : सूक्ष्म छिद्रे, बाष्पीभवन, उष्णता शोषली जाते वगैरे. छापील उत्तर बरोबरच आहे. पण त्या मुलाच्या वाक्यात 'वाळतो' हा शब्द बघा. नुसतं ओलं झाल्यानं गार होत नाही, वाळल्यानं होतं, हे त्याला कळलंय. अख्खं बाष्पीभवन त्यानं पकडलंय, तेही स्वतःच्या अंगावरच्या अनुभवावरून. तिथं फक्त एक प्रश्न समासात लिहायला हवा होता : 'वाळताना लागणारी उष्णता कुठून येते?' त्याचं उत्तर त्यानं पुन्हा आपल्या शब्दांत लिहिलं असतं आणि 'बाष्पीभवन' हा शब्द त्याला गरज पडली म्हणून मिळाला असता. काट मारल्यावर तो एवढंच शिकला, की विज्ञानाच्या वहीत आपलं डोकं चालवायचं नसतं. पुस्तकात 'जरा डोके चालवा' अशी चौकट असते, ती आपण 'घरी वाचा' म्हणून सोडून देतो, ते वेगळंच.

शुद्धलेखनाचं काय, असं कोणीतरी विचारणार. पहिल्या वाचनात आशय बघा, ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या वाचनात. आधी वेलांट्या मोजायला बसलो तर मूल सोपे शब्द निवडतं आणि अवघड विचार टाळतं. पाड्यावरच्या, तांड्यावरच्या ज्या मुलांना पुस्तकी मराठीच परकी वाटते, ती तर वही मिटूनच ठेवतात.

लातूरकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत भूगोलाच्या सरांनी आठवीला सातबारा वाचायला दिला. एकाच गटाचे जुने आणि नवे उतारे, नावांवर कागदाची पट्टी ठेवून झेरॉक्स काढलेले. पहिला तास नुसता वाचण्यात गेला. गाव नमुना सातमध्ये काय असतं, बारात काय असतं, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये कसं लिहितात, पोटखराबा म्हणजे कुठली जमीन. कथा वाचतो तसा हा कागद वरून खाली वाचून भागत नाही. रकाना धरून वाचावा लागतो, दोन रकान्यांची सांगड घालावी लागते. दुसऱ्या तासाला पीक पाहणीची वर्षं मांडून मुलांनी तक्ता केला. ज्वारी कमी कमी होत गेली आणि सोयाबीन पसरलं, हे त्यांना स्वतःला दिसलं. मग सरांनी सांगितलं, पाच ओळी लिहा, फळ्यावर मी काहीही लिहिणार नाही. एका मुलीनं लिहिलं, 'आमच्या रानात ज्वारी नाही म्हणून कडबा नाही. कडबा विकत घ्यावा लागतो म्हणून आजोबांनी बैल विकले.' पीकपद्धतीच्या बदलाचे परिणाम यावर आपण जी टीप उतरवून देतो, तिच्यात बैल येत नाहीत.

या कामाला सरांचे तीन तास गेले आणि पोर्शन मागं पडला, हे लपवत नाही. दोन वर्ग एका शिक्षकाकडे, वर ऑनलाइन माहिती भरायची, निवडणुकीची कामं, ही रडकथा मलाही पाठ आहे आणि ती खरी आहे. म्हणून रोज असं करा, असं मी सांगणार नाही. सत्रात प्रत्येक विषयात असा एकच घटक निवडा. बाकी धडे नेहमीसारखे घ्या.

पण वही तपासणीचे निकष बदलले नाहीत, तर एवढंही होणार नाही. 'पूर्ण' शेरा उतरवून घेतलेल्या पानांनाच मिळत असेल, तर शहाणा शिक्षक उतरवूनच देणार. दुपारच्या खुल्या अधिवेशनात ठराव मांडले जातील. मसुदा मी वाचला. त्यात जुनी पेन्शन आहे, अशैक्षणिक कामं आहेत, दोन्हींना माझा पाठिंबा आहे. त्यात दोन कलमं वाढवावीत अशी सूचना करतो. प्रत्येक विषयाच्या वहीत प्रत्येक घटकाचं किमान एक पान मुलानं स्वतः रचलेल्या मजकुराचं असावं आणि तपासणीत आधी तेच पाहिलं जावं. दुसरं, विज्ञान, भूगोल आणि गणिताच्या घटक चाचणीत पुस्तकाबाहेरचा एक उतारा, तक्ता किंवा आलेख वाचायला द्यावा आणि त्यावर दोन-चार वाक्यं लिहून घ्यावीत.

सूचक म्हणून माझं नाव घाला. अनुमोदक हवा आहे. मराठीचा शिक्षक नको, तो मिळेलच. सुरुवातीला तो प्रश्न विचारणारे गणिताचे सर सभागृहात असतील तर त्यांनी हात वर करावा.