घर बदलण्याआधी पाण्याचा वार विचारा



सिद्धेश्वर पेठेतल्या दोन खोल्या आता पुरत नाहीत. जुळे सोलापुरात फ्लॅट घ्यायचं आमच्या घरात चाललंय. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, सवयीनं तक्ता केला. चौरस फूट, पार्किंग, उजेड, सगळ्यात नवा फ्लॅट पुढे. अम्मीनं एकच विचारलं, "नळ किती दिवसांआड येतो?"

आपलं पाणी सुमारे ११० किलोमीटरवरच्या उजनीतून येतं, तेही रोज नाही. १९९२च्या हद्दवाढीनं शहर पसरलं. नळ, ड्रेनेज, सिटी बस मागे राहिल्या. म्हणून जागा भर पावसात बघा. टँकरचा खर्च हप्त्यात धरा. भोगवटा प्रमाणपत्र मागा.

आणि तक्त्यात न बसणारंही मोजा. पेठेत अम्मीला दवाखाना, बाजार, मैत्रिणी पायी गाठता येतात. तिथं ती दिवसभर कुणाची वाट बघत बसेल?

आमचा निर्णय अजून व्हायचा आहे. पण एक सांगतो. शिकलेली मुलं पेठ सोडून गेली, तर तुंबलेल्या गटाराचा अर्ज झोन कार्यालयात कोण देणार? गेलो तरी हे काम सोडायचं नाही. आणि नव्या कॉलनीतही पहिला अर्ज आपणच लिहायचा.