चुलीत जाळी की भिंतीला धुराडे?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



बोलण्याचा मला सराव नाही. शिक्षण सातवीपर्यंत, आणि पुढची सारी वर्षे चुलीपुढे गेली. म्हणून चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, मला चुलीवरच बोलू द्या. आमच्या घरी दोन महिने हाच वाद चालला होता. आहे त्या चुलीत लोखंडी जाळी बसवावी, की ती मोडून धुराड्याची नवी चूल घालावी, की आहे तसेच चालू द्यावे?

कोणी म्हणेल, गॅस असताना चूल कशाला? गॅस आमच्याकडेही आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि २०१९ च्या सप्टेंबरात आठ कोटी जोडण्या पुऱ्या झाल्या. शेगडी घरोघर आली हे खरे. पण १४.२ किलोच्या टाकीवर सात माणसांच्या आंघोळीचे पाणी तापवायचे म्हटले, तर महिनाअखेरीस हिशेब कोण जुळवणार? म्हणून चहा, भात, आमटी गॅसवर. पाणी आणि भाकरी चुलीवर. इथे बसलेल्या बहुतेकींचे असेच चालले आहे, उगाच लाजू नका!

आमच्याकडे वाद निघाला तो सासूबाईंच्या खोकल्यावरून. त्यांचे वय सत्तर. पहाटेची चूल त्याच पेटवणार, दुसऱ्या कोणी पेटवलेली त्यांना पटत नाही. गेल्या पावसाळ्यात खोकला हटेना, जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "आजी, विडी ओढता का?" ज्या बाईने जन्मात मिश्रीसुद्धा लावली नाही तिला हा प्रश्न! मग त्यांनीच समजावून सांगितले की विडीने श्वासनळ्यांचे जे होते तेच चुलीच्या धुरानेही होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसे दगावली, आणि त्यांत पाच वर्षांखालची मुले दोन लाखांवर होती. चुलीशी बसताना मांडीवर पोर घेऊन बसणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

आता जाळीचे सांगते. आपल्या चुलीत लाकूड जमिनीला टेकून जळते, त्याला खालून वारा मिळत नाही. वारा कमी पडला की लाकूड धुमसते. म्हणून तर आपण फुंकणी फुंकत बसतो. जाळीवर लाकूड दोन बोटे उचलले जाते, राख खाली गळते, वारा खालून शिरतो आणि जाळ स्वच्छ लागतो. लाकूडही कमी लागते. लोहार अडीचशे रुपयांत करून देतो. पण तो एक गोष्ट सांगत नाही. लाकूड वर आले की जाळ आणि भांडे यांतले अंतर कमी होते. जाळ भांड्याच्या बुडाला लागून विझतो, काजळी धरते, आणि धूर पूर्वीइतकाच! म्हणून जाळी घातली तर चुलीचे थानही तेवढेच उंच करून घ्यावे लागते. खालची राखही रोज ओढायला हवी. आणखी एक अडचण बायकांनाच कळेल अशी. निखारे जाळीतून खाली पडतात, मग भाकरी उभी करून शेकायला तोंडाशी निखारा उरत नाही. तव्यावरच पलटून शेकलेली भाकरी आमच्या घरी खपत नाही.

धुराड्याची गोष्ट निराळी. जाळी धूर कमी करते, पण उरलेला धूर घरातच राहतो. धुराडे तो बाहेर नेते. ही कल्पना काही नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीची मगन चूल आपल्या आजीच्या पिढीतली. पुढे १९८३ पासून २००२ पर्यंत सरकारने सुधारित चुलींचा कार्यक्रम देशभर चालवला. मग त्या चुली गेल्या कुठे? आमच्याच आळीत एक होती. नळी काजळीने तुंबली, कोणी साफ केली नाही, धूर उलटा घरात येऊ लागला, आणि एका दिवाळीला ती पहारीने काढली. माझ्या पुतणीने मला वाचून दाखवले की ओरिसात अडीच हजारांवर घरे घेऊन अशा चुलींची चार वर्षे पाहणी झाली. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला, पुढे फरक उरला नाही. कारण चुलींची डागडुजी झाली नाही, आणि बायका पुन्हा जुन्या चुलीकडे वळल्या. मला यात बायकांचा आळस दिसत नाही. छपरावर चढून नळी झाडायचे काम पुरुषाचे, आणि धूर खाणार बाई. मग ते काम राहणारच!

धुराड्याच्या चुलीचे तोंड लहान असते. लांब ओंडका सरकवत राहायची सोय नाही, लाकूड फोडून घ्यावे लागते. ओले सरपण तर कोणत्याच चुलीला चालत नाही. आधी त्यातले पाणी आटणार, मग ते जळणार, आणि तोवर नुसता धूर. तेव्हा पावसाळ्याआधी सरपण छपराखाली गेलेच पाहिजे, चूल कोणतीही असो.

सासूबाईंचे म्हणणे असे, की धूर नसला तर वरती टांगलेल्या बियाण्याच्या कणसांना कीड लागेल. यात तथ्य आहे. मी सांगितले, बियाणे डब्यात राखेत ठेवू, पण तुमची छाती डब्यात ठेवता येणार नाही. यावर त्या हसल्या, आणि हसताहसता पुन्हा खोकल्या.

शेवटी आम्ही असे ठरवले. पाण्याची चूल मागच्या पडवीत न्यायची आणि तिच्यात जाळी बसवायची. तिथे भाकरीचा प्रश्न नाही, आणि राहिलेला धूर वाऱ्यावर जाईल. स्वयंपाकघरात धुराडे, पण दोन अटींवर. नळी कौलांच्या आढ्यापेक्षा वर दोन हात जाईल, नाहीतर वारा धूर परत ढकलतो. आणि बुडाशी काजळी काढायला झाकण असेल, म्हणजे छपरावर न चढता मला स्वतःला ती खरवडता येईल. वरून झाडायचे काम दर अमावास्येला ह्यांचे. हे त्यांनी चारचौघांत कबूल केले आहे, आपण साक्षीला आहातच! मिस्त्रीने साडेतीन हजार सांगितले आहेत. भिशीचा माझा नंबर मार्गशीर्षात लागतो, तेव्हा काम धरू.

चूल वाळायला आठ-दहा दिवस जातील. मग ज्यांना पाहायची असेल त्यांनी सकाळी भाकरीच्या वेळी यावे. दुपारी आलात तर थंड चूल दिसेल आणि काही कळणार नाही.