बढाई आणि बदनामी



लातूरच्या बाजारात दुकानदार ओरडतो, "आमची तूरडाळ सगळ्यांत भारी!" आम्ही म्हणतो, ओरडू द्या. ही बढाई. कायदा ती चालवून घेतो. पण "शेजाऱ्याची डाळ भेसळीची" असे खोटेच म्हटले, तर ती बदनामी. शेजारी कोर्टात जाऊ शकतो.

मोठ्यांचेही तसेच. काही कंपन्या लोण्याऐवजी खाद्यतेल घालून आइस्क्रीमसारखा गार पदार्थ करतात. त्यात वनस्पती तूप असते, असे अमूलच्या जाहिरातीत दाखवले. हिंदुस्थान युनिलिव्हर कंपनी मुंबई हायकोर्टात गेली. २०१७ साली कोर्टाने त्या जाहिराती थांबवल्या.

कंपन्या आपापला धंदा राखतात. आपण आपला पैसा राखू. नांदेडला सोयाबीनचे बी घेताना बढाईला भुलू नका. पिशवीवरची चिठ्ठी वाचा. उगवण निदान ७० टक्के हवी. पावती जपून ठेवा. आता वाचता येतं ना?